मुठीपासून दातापर्यंतचे अंतर

१२ ऑगस्ट, सोमवार, संध्याकाळी पाच वाजून बेचाळीस मिनिटे. पूर्वाची उजवी मूठ, सानियाचा वरचा पुढचा दात: अंतर शून्य.

ही नोंद माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. रक्त पुसून झाल्यावर, त्याच संध्याकाळी मी ती केली. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला काही सवयी जडतात. गोंधळ उडाला की तो आधी वेळ टिपून ठेवतो. शून्य लिहिताना मी गृहीत धरले होते की चूक पूर्वाची आहे. ती कुणाची होती हे कळायला मला अडीच महिने लागले, आणि तेवढा काळ चौदा वर्षांच्या त्या मुलीने ती चूक एकटीने वागवली.

दारव्ह्यात मी नऊ वर्षे शोतोकान कराटे शिकवते. सकाळी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे तास आणि संध्याकाळी एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये मुलींचा वर्ग. लग्न असले की आम्हांला सुट्टी असते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जिलबीच्या पाकाने चिकट झालेली फरशी पुसून सराव सुरू करतो. प्रवेशासाठी आलेला जवळपास प्रत्येक बाप पहिल्या दिवशी विचारतो, "मॅडम, विटा फोडणं कवा शिकवसान?" मी सांगते, विटा फोडायला गवंडी आहेत; तुमची मुलगी पहिले वर्षभर उभे राहायला शिकेल. त्यावर त्याचा चेहरा असा होतो, जणू मुलगी आजवर लोळतच होती.

परंतु ते खरेच आहे. शोतोकान ही लांब आणि खोल पवित्र्यांची शैली. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, मागची टाच जमिनीला घट्ट. या एका पवित्र्यात हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुढे जायचे आणि मागे यायचे, मांड्या थरथरू लागेपर्यंत. मग ठोसा. एक मूठ पुढे जाते त्याच क्षणी दुसरी कमरेशी परत येते. या परत येणाऱ्या हाताला हिकिते म्हणतात. ठोशाची निम्मी ताकद परत येणाऱ्या हातात असते, असे माझे गुरुजी सांगत. हे वाक्य मी कागदावर तपासून पाहिले तेव्हा ते फारसे टिकले नाही. पण कंबर फिरवायला शिकवण्यासाठी त्याहून उपयोगी वाक्य मला अजून सापडलेले नाही, म्हणून मीही तेच सांगते.

या विद्येतला सर्वांत कठीण भाग आहे थांबणे. जोडीने सराव करताना एक मुलगी "जोदान!" अशी आरोळी देते, म्हणजे ठोसा चेहऱ्याच्या उंचीवर येणार हे आधीच सांगते, आणि एक पाऊल टाकून मारते. दुसरी एक पाऊल मागे घेऊन तो हाताने वर उडवते. ती चुकली, तरीही मूठ चेहऱ्यापासून दोन बोटे अलीकडे थांबली पाहिजे, तीही पूर्ण वेगात येऊन. दातांना लागली तर ती मारामारी. एक वीत अलीकडे थांबली तर परीक्षक गुण देत नाहीत, कारण असा ठोसा कुणालाच उद्देशून नसतो.

हे अंतर अनुभवी शिक्षक नजरेने ठरवतात. मला नजरेवर विसंबणे अवैज्ञानिक वाटे. माझी महत्त्वाकांक्षा अशी होती की कराटे मापाने शिकवता येते हे सिद्ध करावे, आणि आमच्या तालुक्याच्या गावातल्या मुलींनी मोठ्या शहरांतल्या मुलींना त्या मापानेच हरवावे. म्हणून मी प्रत्येक मुलीच्या हाताची आणि पवित्र्याची लांबी मोजली, गणित केले, आणि फरशीवर लाल ऑइलपेंटने पावले रंगवली. पूर्वाने या पावलांवर उभे राहून एक पाऊल पुढे टाकायचे. सानियाने तिथे थांबायचे. गणिताप्रमाणे मूठ चेहऱ्यापासून पाच सेंटिमीटरवर थांबणार, म्हणजे थांबवली नाही तरी थांबणार. एका लग्नात नवरीच्या मावशीने ती लक्ष्मीची पावले समजून त्यांवर हळद-कुंकू वाहिले. दोन पावलांत पंचाऐंशी सेंटिमीटर अंतर होते. लक्ष्मी एवढ्या ढांगा टाकत या घरी का येते आहे, हे त्यांनी कुणाला विचारले नाही.

पूर्वा आणि सानिया या शाळेत एका बाकावर आणि वर्गात एका जोडीत असत. पूर्वाच्या घरची शेती आहे, कापूस आणि तूर. सानियाचे वडील सलीमभाई ट्रॅक्टर दुरुस्त करतात. त्या ऑगस्टच्या संध्याकाळी पूर्वाने आरोळी दिली आणि पाऊल टाकले. सानियाला मागे जायला निमिषभर उशीर झाला, कारण आपला पाय रंगवलेल्या पावलावर नेमका पडतो की नाही हे ती पाहत होती. पूर्वाही आपले पाऊलच पाहत होती. दात तुटल्याचा आवाज फार मोठा झाला नाही. बशी फरशीला टेकवावी एवढाच.

सलीमभाई दहा मिनिटांत आले. हात ऑइलने काळे होते आणि मुलीचा गणवेश पांढरा. म्हणून त्यांनी दोन्ही हात अंगापासून दूर धरले आणि नुसत्या मनगटाने तिची हनुवटी वर केली.

"दुधाचा होता का पक्का?"

"पक्का, अब्बू."

"अच्छा. मंग यंदा ऊस मी खाईन, तू रस पी." मग ते पूर्वाकडे वळले. "अन् तू काहून रडून राह्यली बेटा? तुहे तर सारे दात जागेवर हायेत."

पूर्वा रडत नव्हती. ती आपल्या मुठीकडे पाहत होती, आणि मूठ तिने अजून सोडलेली नव्हती. दवाखान्यातून परतल्यावर मी तिला म्हणाले, "पुढच्या वेळी नियंत्रण ठेव." हे वाक्य वहीत नाही, पण मला शब्दशः आठवते.

पुढच्या वेळी तिने नियंत्रण ठेवले. तिची मूठ जोडीदारापासून एकतीस सेंटिमीटरवर थांबली. जोडीमागच्या भिंतीवर मी दर सेंटिमीटरला उभी रेघ मारलेली होती, समोर तिकाटण्यावर फोन. चित्रण सावकाश चालवले की अंतर वाचता येई. एकतीस, तीस, एकतीस. तीन आठवड्यांनी सानिया दातावर कॅप बसवून परतली. त्यानंतर अंतर चौतीस झाले.

"मॅडम, ते मारूनच नाही राह्यली," सानिया माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "मंग मी अडवू काय, हवा? अन् शायेत माह्या बाकावरून उठून पार मागं जाऊन बसली. डबाबी एकटीच खाते. म्या काय केलं तिचं?"

मी उपाय केले, सगळे मोजण्याजोगे. पूर्वाला दोऱ्याला टांगलेल्या कागदावर मारायला लावले. कागद फडफडला, म्हणजे ताकद आणि अंतर दोन्ही उत्तम. कागदाच्या जागी माणूस उभा केला की पुन्हा तीस. सर्व मुलींना दातांवर गमशील्ड सक्तीचे केले, तीस. जोडीदार बदलला, अठ्ठावीस. डिसेंबरच्या बेल्ट-परीक्षेचे अर्ज वाटले, तर तिने तिचा कोराच परत दिला. दिवाळीनंतर येणार नाही, म्हणाली. कारण विचारले तर, "शेतात काम असते." तिच्या आईने फोनवर खरे कारण सांगितले. "माहा हात वाईट हाय म्हणते मॅडम. उजव्या हातानं वाढतबी नाही कोणाले."

दिवाळीच्या आधी एका रविवारी मी हॉलमध्ये एकटीच बसले होते. पावलांचा रंग उडाला होता, तो पुन्हा भरायचा होता. भरण्याआधी मापे ताजी करावीत म्हणून आदल्या दिवशी मी सगळ्या मुलींचे हात आणि पवित्रे मोजून घेतले होते. पूर्वाचा खांदा ते मूठ: बासष्ट. वहीतला जुना आकडा: अठ्ठावन्न. तो आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमधला होता. तिचा पवित्राही तीन सेंटिमीटरने लांबला होता. चार अधिक तीन, सात. मी राखलेले अंतर पाच. म्हणजे ऑगस्टमध्ये पूर्वा माझ्या पावलावर अगदी अचूक उभी राहिली असती, तर तिची मूठ सानियाच्या चेहऱ्याच्या दोन सेंटिमीटर आत जाणार होती. ती अचूकच उभी होती. ती नेहमीच अचूक उभी राहते.

माझे माप चुकीचे नव्हते; ते जुने होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुली वाढतात, हे ठाऊक असायला पदव्युत्तर पदवी लागत नाही. दर सहा महिन्यांनी मापे घ्यायची, असे वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहिले होते. जूनमध्ये ती राहून गेली, कारण जूनमध्ये मी माझ्या ब्लॅक बेल्टच्या पुढच्या परीक्षेची तयारी करत होते. त्या परीक्षेत मी उत्तीर्ण झाले. प्रमाणपत्र हॉलच्या भिंतीवर आहे आणि त्यावरची तारीख मला रोज दिसते. शिवाय पावले रंगवून मी मुलींची नजर समोरच्या डोळ्यांवरून उचलून जमिनीवर ठेवली होती. माझ्या गुरुजींनी एकदा नुसते पाहिले असते, तरी ते म्हणाले असते, "पोरी, मागे सर."

पूर्वाला हे सांगायला मला नऊ दिवस लागले. एरवी मी चटकन निर्णय घेते, असा माझा लौकिक आहे.

दहाव्या दिवशी मी त्यांच्या शेतावर गेले. कापूस वेचणे चालू होते. पूर्वाच्या आईने मला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवले, बाटलीतले पाणी दिले आणि मी काही बोलण्याआधीच आपले हात माझ्यापुढे पसरले.

"पाहा माहे हात. आता इचे पाहा. ए पूर्वा, दाखव मॅडमले."

बोंड उकलले की त्याच्या पाकळ्या वाळून ताठ होतात आणि त्यांची टोके सुईसारखी बोचतात. आईची बोटे नखांच्या कडेने ओरखडलेली होती. पूर्वाच्या हातांवर एकही ओरखडा नव्हता.

"वीस वर्सं झाले मी येचून राह्यली, मले अजून बोचते. इले बोचतच नाही. अन् माह्या दुप्पट येचते."

पूर्वा आमच्याकडे पाठ करून पुन्हा कामाला लागली, आणि मी पाहत राहिले. हात बोंडावर वेगाने जाई, टोकांपाशी क्षणार्धात थांबे, पाचही बोटे टोकांच्या मधल्या मोकळ्या जागेत उतरत, मनगट किंचित पिळे, आणि कापूस घेऊन हात सरळ कमरेच्या ओटीत परत येई, तोवर दुसरा हात निघालेला असे. कमरेशी परत येणारा हात. नवीन मुलींना ज्यासाठी मी सहा-सहा महिने ओरडते, ती हिकिते या मुलीला कमरेला कापसाचे फडके बांधल्या दिवसापासून येत होती. एका झाडावरची सात बोंडे, अकरा सेकंद. ती हाताकडे पाहत नव्हती. तिची नजर पुढच्या बोंडावर होती.

मी उठून तिच्या ओळीत गेले. "पूर्वा, सानियाचा दात तुझ्यामुळे तुटला नाही. माझी मापे जुनी होती. तुझा हात चार सेंटिमीटर वाढला होता आणि मी मोजला नव्हता. तुला मीच जास्त जवळ उभे केले होते."

ती वेचत राहिली. एक झाड, दुसरे झाड.

"मंग तुम्ही मले आधी काहून नाही सांगतलं?"

"अडीच महिने मला कळलेच नाही. आणि कळल्यावर नऊ दिवस हिंमत झाली नाही."

तिसरे झाड. मग ती थांबली. "तुमाले भेव वाटते?"

"वाटते."

ओटीतला कापूस दाबून बसवत ती म्हणाली, "सानियाले सांगतलं?"

"अजून नाही."

"तिलेबी सांगा. ते म्हणते तिचीच चूक होती, तिनं पाय उशिरा उचलला. रोज चिठ्ठी पाठवते वर्गात. मी वाचून राह्यली, जवाब नाही देत." मग खालच्या आवाजात, "काय जवाब देऊ? दात तर गेला."

तिथून मी थेट गॅरेजवर गेले. सलीमभाई एका ट्रॅक्टरच्या उघड्या इंजिनावर वाकलेले होते. मी सगळे सांगितले. आकडेही सांगितले, कारण आकड्यांशिवाय मला कबुली देता येत नाही. त्यांनी पाना खाली ठेवला.

"मॅडम, हे पाहा टॅपेट. याच्यात गॅप सोडा लागते, कागदाएवढी. भिडवलं तर वाल जळते, जास्त ठेवलं तर इंजन खडखड करते. आपण बरोबर सेट करून देतो, अन् इंजन चालते. चालते म्हंजे घासते. म्हून मी गिऱ्हाइकाले सांगतो, भाऊ, पुन्हा घेऊन ये, पुन्हा पाहा लागते." ते माझ्याकडे बघून हसले. "तुम्ही एकदा सेट केली अन् नारळ फोडून मोकळ्या झाल्या."

मी मान खाली घातली. त्यांनी आवाज मऊ केला. "दाताचं काय घेऊन बसले तुम्ही. दात बसवून भेटला. माह्या पोरीची मैत्रीण कोणता डॉक्टर बसवून देते, ते सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी थिनरचा डबा पाठवला. पावले पुसायचे काम वर्गातल्या सगळ्यांनी मिळून केले. सगळ्यांसमोर मी माझी चूक सांगितली, आणि मुलींनी माझ्या अपेक्षेहून फारच कमी दुःख केले, एकीने तर विचारले, "मंग आता आम्ही उभं कुठं राहाचं?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठी मी पूर्वाच्या शेतातून उकललेल्या बोंडांच्या फांद्या मागवल्या. तिची आई त्या द्यायला आली आणि पूर्वाही तिच्यामागून आली, गणवेश न घालता, नुसती पाहायला.

फांदी चेहऱ्याच्या उंचीवर टांगायची. समोर उभे राहायचे, जिथे योग्य वाटेल तिथे. नजर बोंडावर. ठोसा असा यावा की कापूस हलला पाहिजे आणि टोक बोचता कामा नये. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या बोटांची चाळण झाली. पूर्वा भिंतीशी उभी राहून पाहत होती. शेवटी तिला राहवले नाही.

"अशी नोको जाऊ, बोचन ना! थांब." तिने चपला काढल्या, पुढे आली आणि मारले. कापूस थरथरला. भिंतीवरच्या रेघांवर मी वाचले: एक सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवशी ती गणवेशात आली. बोंडासमोर एक, दीड, एक. मग बोंडाच्या जागी मी उभी राहिले: एकोणीस. पुढच्या आठवड्यात चौदा. त्याहून खाली ती येईना. सानिया आपल्या पाळीची वाट पाहत रांगेत उभी असे आणि पूर्वा दरवेळी तिच्यापर्यंत रांग पोचण्याआधी पाणी प्यायला जाई.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सानियाने पाण्याचा माठ अडवला. "आज नाही. आज माहा नंबर." ती पूर्वाच्या समोर येऊन उभी राहिली. नियम असा ठरला होता की तिने हलायचे नाही, अडवायचे नाही, गमशील्ड घालायचे. मी फोनचे चित्रण सुरू केले. पूर्वाने पवित्रा घेतला, आणि मला तिचा मागचा पाय नेहमीपेक्षा मागे सरकताना दिसला. सानियालाही दिसला.

तिने शेजारच्या फांदीवरून चिमूटभर कापूस तोडला, गमशील्ड काढून गणवेशाच्या पट्ट्यात खोचले आणि तो कापूस पुढच्या दातांत धरला. बरोबर कॅपवर.

"घे," दातांतल्या दातांत ती म्हणाली. "येच."

पूर्वाला हसू फुटले. चार महिन्यांत मी तिला हसताना पाहिले नव्हते. ते एवढे अनपेक्षित होते की मी क्षणभर गमशील्ड विसरले. आठवले तेव्हा पूर्वाचा मागचा पाय पुढे आला होता, नजर वर, सरळ सानियाच्या डोळ्यांत, आणि तिने आरोळी दिली होती. "यामे", म्हणजे थांबा, हा शब्द माझ्या तोंडात अर्धा आला आणि तिथेच राहिला. मूठ गेली. दुसरा हात कमरेशी परत आला. सानियाने पापणी हलवली नाही. दातांतला कापूस वाऱ्याने मागे वाकला, आणि पुन्हा सरळ झाला.

गमशील्डवरून मी दोघींना रागावले, पण नंतर, आणि फारसे जमले नाही. चित्रण तीनदा चालवून पाहिले. अंतर ओठांपासून मोजायची माझी पद्धत आहे, परंतु या वेळी ते दातापासून मोजावे लागले, कारण सानिया हसत होती.

२ डिसेंबर, सोमवार, संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटे. पूर्वाची उजवी मूठ, सानियाचा वरचा पुढचा दात: अंतर दोन सेंटिमीटर.